हातभर अंतरावरून, अर्ध्या किलोमीटरवरून

मॉडेल ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या छोट्या प्रतिकृतीच्या, चार मीटरच्या पंखावर कोणती फिल्म मढवायची, हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या घरात त्याआधीच बऱ्याच वाटाघाटी होऊन गेलेल्या असतात. आमच्याकडे त्या डायनिंग टेबलावरून झाल्या, बाल्साच्या भुशावरून झाल्या, आणि पाहुणे आले की पंख कुठे उभे करायचे यावरून तर अजून चालू आहेत. सांगाडा मात्र आता पुरा झालाय. पॉलिश पेपर फिरवून गुळगुळीत केलेल्या रिबा, म्हणजे पंखाच्या फासळ्या, त्यांच्या मधून जाणारा स्पार, म्हणजे पंखाचा कणा, पुढच्या कडेला बाल्सा या हलक्या लाकडाचा पातळ पापुद्रा. घरी येणारा प्रत्येक जण तो हातात घेऊन एकच वाक्य बोलतो: "हे असंच ठेवा, झाकू नका."

झाकल्याशिवाय ते उडणार नाही, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

मॉडेल आहे रोहिणीचं. हवाई खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेलं हे दोन आसनी शिकाऊ ग्लायडर. गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसायचे, त्यामुळे तिचं डोकं जरा रुंद. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर अशी नक्षत्रांची नावं देण्याची त्या काळी पद्धत होती. आमच्याकडे शेतकऱ्याला रोहिणी म्हटलं की मे महिन्याची अखेर आणि वळवाचे ढग आठवतात. आमच्या अण्णांना हडपसरचं ग्लायडिंगचं मैदान आठवतं. मूळ रोहिणी लाकडी, वर कापड. मी एकास चार प्रमाणात करतोय, म्हणजे पंखांची लांबी चार मीटरच्या थोडी वर जाते. एवढं मोठं मॉडेल मी याआधी केलेलं नाही, आणि लहान मॉडेलवर जे खपून जातं ते इथे खपत नाही, हे कव्हरिंगपाशी येईपर्यंत माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं.

फिल्म म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ती पॉलिस्टरची अगदी पातळ पारदर्शक पट्टी असते. आतल्या अंगाला रंग आणि उष्णतेनं जागा होणारा गोंद. कारखान्यात ती दोन्ही दिशांनी ताणून मग थंड केलेली असते, आणि तो ताण तिच्यात झोपून राहतो. आपण इस्त्री फिरवली की आधी गोंद विरघळून लाकडाला धरतो, आणि तापमान अजून वर नेलं की झोपलेला ताण उठतो, फिल्म आक्रसते, सुरकुत्या जातात. दोन टप्पे, दोन तापमानं. शंभर अंशांच्या आसपास कडा चिकटवून घ्यायच्या आणि मग दीडशेच्या दिशेनं जात मधला भाग ओढून घ्यायचा. नीट जमलं तर बोटानं टिचकी मारल्यावर पंख बोलतो. आमच्याकडे जत्रेत हलगीवाले पाचटाच्या जाळावर हलगी शेकून घेतात, ती शेकल्यावर बोलते तसा.

अण्णांच्या तरुणपणी हे काही नव्हतं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवायचे, तेव्हा टिश्यू कागद आणि डोप, म्हणजे कागद घट्ट करणारं लॅकर. कागद पाण्याचा फवारा मारून ताणायचा, वाळला की डोपचे हात द्यायचे. नेलपॉलिशसारखा तो उग्र वास दोन दिवस अंगाला राहायचा. मोठ्या मॉडेलला रेशीम. "तेव्हा चुकलं तर वरून अजून एक हात मारता यायचा," अण्णा म्हणतात. "तुमची ती प्लास्टिकं माफी देत नाहीत." यात थोडा म्हातारपणाचा हट्ट आहे, कारण फिल्म पुन्हा गरम करून उचलताही येते. पण कागद-डोपचा एक गुण त्यांनी सांगितला तो मात्र खरा आहे: ते आवरण लाकडाशी एकजीव होतं. फिल्म लाकडावर नुसती चिकटून असते, आणि तिचा सगळा भरवसा त्या गोंदावर.

आता निवडीचं. बाजारात जी नावं मोठ्या ग्लायडरवाल्यांच्या तोंडी असतात ती बहुतेक जर्मन: ओराकव्हर, तिचीच हलकी बहीण ओरालाइट, आणि कापडाच्या पोताची ओराटेक्स. अमेरिकेत हीच ओराकव्हर अल्ट्राकोट या नावानं विकली गेली. मोनोकोट जुनी, कडक, चकचकीत, जरा जास्त उष्णता मागणारी. रोल साठ सेंटिमीटर रुंद, दोन मीटर किंवा दहा मीटर लांब. याशिवाय नाव नसलेल्या स्वस्त फिल्म मिळतात, त्यांचा रंग मोहक असतो आणि गोंदाचं काही सांगता येत नाही.

वजनाचा हिशोब मी एका रात्री कागदावर मांडला, आणि त्यानं माझी बरीच भीती घालवली. पंखाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या पुढे, वर-खाली धरून अडीच. शेपूट आणि फ्यूजलाज, म्हणजे धड, मिळवून पावणेचारच्या घरात जातं. ओराकव्हरचं वजन चौरस मीटरला साधारण 65 ग्रॅम धरलं, तर सगळं मिळून अडीचशे ग्रॅम. ओरालाइट पारदर्शक असेल तर चौरस मीटरला 40 च्या आतबाहेर, म्हणजे दीडशे ग्रॅम. ओराटेक्ससारखं कापड 100 च्या आसपास, म्हणजे पावणेचारशे. साडेपाच किलोच्या मॉडेलमध्ये हलक्या आणि मधल्या फिल्ममधला फरक शंभर ग्रॅमचा. लहान ग्लायडरला हाच फरक जीवघेणा ठरला असता. इथे तो बॅटरी बदलली तरी भरून निघतो. दुकानदार आणि हौशी मंडळी ग्रॅमवरून जी हमरीतुमरी करतात ती मोठ्या पंखाच्या बाबतीत निम्मी फुकट असते, असं माझं मत झालंय.

शेपटीची गोष्ट वेगळी. शेपूट गुरुत्वमध्यापासून लांब, नाक जवळ. तिकडे दहा ग्रॅम वाढले की इकडे नाकात पंचवीस-तीस ग्रॅम शिसं ओतावं लागतं. रोहिणीचं नाक आखूड, त्यामुळे हा दंड आणखी जड. तेव्हा शेपटीला हलकीच फिल्म, यावर चर्चा नाही.

वजनापेक्षा मला पिळाची काळजी जास्त. पंखाची पुढची कड बाल्सानं बंद केलेली आहे, तिथे तो पिळत नाही. पण स्पारच्या मागे नुसत्या रिबा आहेत, आणि तिथे पंखाला पिळापासून धरून ठेवण्याचं बरंचसं काम ताणलेल्या फिल्मचं असतं. हे हातानं कळतं. उघडा सांगाडा टोकाला धरून वळवला तर तो वळतो, कुरकुरतो. तोच पंख मढवल्यावर वळत नाही. फिल्म ढिली पडली तर मोठा पंख वेगात फडफडायला लागतो, त्याला फ्लटर म्हणतात, आणि एकदा ते सुरू झालं की पंख राहायला फार वेळ मिळत नाही. अतिहलकी फिल्म इथे कमी पडते. लहान मॉडेलचे पंख आखूड असल्यामुळे मुळातच ताठ असतात. चार मीटरला ती सवलत नाही.

आणि ढिली ती पडतेच, कारण आपण साताऱ्यात राहतो. जून ते सप्टेंबर घरातल्या मिठालाही पाणी सुटतं. बाल्सा ही ओल पितो आणि फुगतो. त्या दिवसांत फिल्म चढवली की इस्त्रीखाली लाकडातली वाफ बाहेर येऊन बुडबुडे धरतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये लाकूड वाळून आक्रसलं की आधी छान ताणलेल्या पंखावर सुरकुत्यांचं जाळं. म्हणून कव्हरिंग संक्रांतीनंतर, हवा कोरडी असताना. उन्हाचं त्याच्या उलट. एप्रिलच्या दुपारी गडद रंगाच्या पंखावर हात ठेववत नाही. गाडीच्या मागच्या काचेतून ऊन आत येत असेल तर आणखी वाईट. गोंद मऊ पडतो, शिवणी सरकतात, रिबांमधल्या कोंडलेल्या हवेनं फिल्म फुग्यासारखी वर येते. फायबरग्लासची खरी ग्लायडर्स जवळजवळ सगळी पांढरी का असतात, याचं उत्तर यातच आहे: त्यांतलं रेझिन तापलं की नरमतं, त्यामुळे रंगाची हौस टोकाच्या पट्ट्यांपुरती.

कोंडलेल्या हवेचं आणखी एक आहे. सातारा शहरातून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो की आपण साधारण चारशे मीटर वर चढतो. हवेचा दाब चार-पाच टक्क्यांनी उतरतो. रिबांमधले कप्पे एकमेकांपासून बंद असतील तर वर पोचेपर्यंत पंख टरारून फुगलेला. म्हणून प्रत्येक रिबेला बारीक भोक पाडून कप्पे जोडायचे आणि टोकाशी एक वाट बाहेर सोडायची. फिल्म चढवल्यावर हे सुचलं तर उशीर झालेला असतो.

चाळकेवाडीचं नाव आलंच आहे तर रंगाकडे वळतो, कारण रंगाबद्दलचं माझं मत तिथे बदललं.

पवनचक्क्या जिथे उभ्या केल्यात तिथे वारा असणारच. पश्चिमेकडून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यात ग्लायडर इंजिनाशिवाय तासभर राहू शकतं. आम्ही चक्क्यांपासून लांब, मोकळ्या कडेवर जातो. (कासला जात नाही. ते पठार जागतिक वारशात आहे, फुलांच्या मोसमात तिथे पाय ठेवायलाही विचार करावा.) त्या दिवशी पुण्याकडच्या एका स्नेह्यानं साडेतीन मीटरचं ग्लायडर आणलं होतं. अंगभर पारदर्शक नारिंगी फिल्म. गवतावर ठेवलेलं असताना दृष्ट लागावी असं: प्रत्येक रिब दिसतेय, उन्हात मधासारखी झाक, खालच्या गवतावर पडलेली सावलीसुद्धा नारिंगी. सगळ्यांनी फोटो काढले. सोडलं, वर गेलं, आणि पाच-सात मिनिटांत चारशे-पाचशे मीटर दूर ढगाच्या पांढऱ्या पोटाखाली जाऊन पोचलं. नारिंगी कुठे गेला कुणास ठाऊक. एक राखाडी रेघ उरली. ती रेघ वळली तेव्हा ती आपल्याकडे वळली की आपल्यापासून लांब, हे त्याला सांगता येईना, आम्हालाही येईना. त्यानं हातातल्या रिमोटवर एका बाजूचा स्टिक दिला, रेघ बारीक झाली. दुसऱ्या बाजूचा दिला, जराशी जाड झाली. असं चाचपडत, घाम पुसत त्यानं ते परत आणलं. त्याच वेळी त्या रेघेच्या वर एक घार फिरत होती, आणि ती घार मात्र वळणावळणाला स्वच्छ कळत होती. गडद, भरीव, कुठेही प्रकाश आरपार जात नाही.

खाली उतरताना मी गाडीत गप्प होतो, कारण माझ्या टेबलावर तेव्हा पारदर्शक नारिंगी फिल्मचाच नमुना पडलेला होता.

दूरवर रंग टिकत नाही, उजेड-अंधार टिकतो. अर्ध्या किलोमीटरवर लाल आणि निळा सारखेच काळे. म्हणून खालची बाजू गडद हवी, उजळ आभाळावर भरीव उठून दिसणारी. वरची बाजू फिकी, म्हणजे ग्लायडर तिरकं झालं की उजळ बाजू लखकन समोर येते आणि ते कुठल्या अंगाला झुकलंय ते कळतं. पट्टे घ्यायचे तर हातभर रुंद, आणि एकाच पंखाच्या टोकाला, म्हणजे डावं-उजवं ओळखता येतं. बोटभर रुंदीच्या नाजूक पट्ट्या, ज्या आपण रात्र रात्र जागून कापतो, त्या फक्त आपल्या समाधानासाठी असतात. 2021 च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेलची व्याख्या करताना ते उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावं असं म्हटलंय. नियम एका ओळीत सुटला. चार मीटरचं ग्लायडर नजरेच्या टप्प्यात ठेवणं हे कव्हरिंगच्या टेबलावरच ठरतं.

मधल्या काळात मी स्थानिक पर्यायही धुंडाळले, कारण परदेशी रोल मागवायचा म्हणजे कस्टम्स, वाट पाहणं आणि पोचेपर्यंत कोपरे दबलेला खोका. पोवई नाक्याकडे एक रेडियमवाला आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि रिक्षांच्या मागच्या ओळी कापण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याला पंखाचा एक तुकडा दाखवला.

"द्या की सर हिकडं. दोन तासात मढवून देतो. आपल्याकडं कार्बन फिनिश पण हाय."

त्याच्या व्हिनाइलचा एक चौरस फूट काट्यावर ठेवला. मागचा कागद काढूनही तो फिल्मच्या दुप्पट भरला. शिवाय व्हिनाइल ताणून बसवता येतं, पण तापवल्यावर आक्रसून घट्ट राहणं हा त्याचा स्वभाव नव्हे. दोन रिबांमध्ये ते पोट सोडतं. त्याला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "मग रिबा जवळजवळ लावायच्या की." चुकीचं काही बोलला नाही.

दुसरा पर्याय लॅमिनेशनच्या फिल्मचा. तीही पॉलिस्टरच, एका बाजूला उष्णतेनं धरणारा गोंद, झेरॉक्सच्या कोणत्याही दुकानात रोलवर मिळते. थर्माकोलच्या पंखांवर ती लोक वापरतात आणि छान चालते. बाल्सावर मात्र नुसती धरत नाही, खाली स्प्रेचा गोंद मारावा लागतो. आक्रसते, पण बेताची. शिकणाऱ्या पोरांच्या मॉडेलला मी तीच सुचवीन. रोहिणीला नाही.

शेवटी एक जुना टाकाऊ पंखाचा तुकडा घेतला आणि त्याच्या कप्प्याकप्प्यावर वेगवेगळी फिल्म चढवून पाहिली. या कामाला मी चांगला वेळ दिला आणि कुणीही द्यावा. तुकडा कोरड्या फडक्यानं पुसायचा, मग किंचित ओल्या, मग हातानं. बाल्साची भुकटी राहिली तर गोंद तिलाच धरून बसतो. फिल्मचा मागचा पारदर्शक पापुद्रा सुटता सुटत नाही, त्याला दोन बाजूंनी चिकटपट्टी लावून उलट ओढला की येतो. इस्त्रीला जुन्या बनियनचं कापड बांधायचं, नाहीतर चरे पडतात. घरची कपड्यांची इस्त्री चालते, पण तिचं तापमान वर-खाली फार होतं. थर्मामीटरनं पाहिलं तर एकाच खुणेवर ती तीस-तीस अंश झोके घेत होती. आधी मधल्या रिबेला इस्त्रीचा एक टाका द्यायचा, मग दोन्ही टोकांना, मग कडा. गोलाईवर फिल्म एका हातानं ओढत दुसऱ्यानं इस्त्री दाबायची, आणि मूठभर सुरकुत्या बघता बघता कुठेशा निघून जातात. सौभाग्यवती शेजारी उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "कपड्यांना एवढ्या मायेनं कधी केली नाहीत."

मग तो तुकडा गच्चीवर ऊनपावसात टांगून ठेवला. स्वस्त फिल्मचा लाल काही आठवड्यांत गुलाबी झाला आणि शिवणीपाशी मागे सरकून गोंदाची काळपट रेघ उघडी पडली. कापडाचा कप्पा जसाच्या तसा. साध्या फिल्मवर दुपारी बारीक सुरकुत्या यायच्या, संध्याकाळी जायच्या. पिवळ्या-पांढऱ्याच्या बाबतीत आणखी एक दिसलं: दोन कडा एकावर एक आल्या की खालचीची रेघ वरून दिसते, त्यामुळे फिक्या रंगात सांधा नेहमी रिबेवर किंवा स्पारवरच घ्यायचा.

आता मन कुठे आलंय ते सांगतो. कापडावर जीव आहे. मूळ रोहिणी कापडीच, ओराटेक्सचा विणीचा पोत आणि चमक नसलेला मंद पृष्ठभाग तिला शोभेल, आणि जांभ्याच्या सड्यावर उतरताना दगडानं ओरखडलं तर कापड फाटत जात नाही, फिल्म एकदा चिरली की चिरत जाते. पण ते शेपटीला परवडत नाही. म्हणून फ्यूजलाजच्या पोटाला आणि पंखाच्या मधल्या भागाच्या खालच्या बाजूला, जिथे मार बसतो तिथेच कापड, गडद निळं. पंखाची बाहेरची खालची बाजू त्याच निळ्याची साधी भरीव फिल्म. वरून जुन्या कापडासारखी क्रीम. शेपटीला हलकी फिल्म, तीही क्रीम, उभ्या शेपटीवर एक रुंद लाल पट्टा.

आणि रिबा? त्या दिसाव्यात ही हाव सुटत नाही. पंखाच्या वरच्या बाजूला, आतल्या निम्म्या भागात स्पारच्या मागे पारदर्शक ठेवतोय. तिथली खालची बाजू गडद कापडाची असल्यामुळे आभाळातल्या आकाराला धक्का नाही, आणि टेबलावर ठेवल्यावर वाकून बघणाऱ्याला सांगाडा दिसेल. अण्णांना हे पसंत नाही. खऱ्या रोहिणीला खिडक्या नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे. तरी मी करणार आहे.

नोंदणीच्या अक्षरांवरून मात्र अजून घोडं अडलंय. भारतातल्या ग्लायडर्सची नोंदणी व्हीटी-जी अशी सुरू होते, ती पंखाखाली मोठी हवी. निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि ती फिल्मचीच कापायची, एवढं ठरलं. पण एवढी मोठी अक्षरं कापण्याचं टेबल माझ्याकडे नाही, रेडियमवाल्याकडे आहे, त्याच्या यंत्रातून फिल्म घसरते का ते बघायचंय. तो म्हणतो, घसरत नाही. फाँट मात्र त्याच्या आवडीचा, जरा तिरका, खाली सावली दिलेला. परवा नमुना काढून ठेवतो म्हणालाय. अण्णांना बरोबर नेणार आहे. सावली कशी काढून टाकायला लावायची, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं जमेल.